कसीदा बुर्दाचं सजवलेलं पान हाताने कसं करायचं: कागदापासून फ्रेमपर्यंत, क्रम न चुकवता

दरवर्षी ईद-ए-मिलादच्या दोन-तीन आठवडे आधी कुणीतरी बिघडलेलं पान घेऊन माझ्याकडे येतंच. कसीदा बुर्दा म्हणजेच बुर्दा शरीफ, पैगंबरांच्या स्तुतीतली बुसीरी यांची जुनी अरबी कविता, तिचे बैत म्हणजे दोन-दोन चरणांचे शेर लिहिलेले असतात, हात बऱ्यापैकी चांगला असतो, नक्षीला महिनाभर घातलेला असतो, आणि तरी शाई फुटलेली, सोनं काळवंडलेलं, नाहीतर सगळ्यात वाईट म्हणजे सोनं झक्क चमकतंय पण मजकुरात एक अलिफ (अरबीतलं उभ्या रेघेचं अक्षर) जास्त. आणि दहातल्या आठ जणांना विचारलं की कळतं, हात कच्चा नव्हताच, आधी करायचं ते नंतर केलं होतं. म्हणून हा लेख फक्त क्रमाबद्दल आहे. बुसीरी कोण, कविता किती थोर, ते इथे नाही.

आपण करतोय काय ते आधी ठरवू. पहिल्यांदा पूर्ण कसीदा करायला जाऊ नका, साधारण १६० बैत आहेत (प्रतीप्रमाणे थोडे कमीजास्त), त्यात वर्ष जाईल. एक सुटं पान करा. कागद २४ बाय ३२ सेंमी, मधला मजकुराचा चौकोन १४ बाय १८. त्यात वर ५ सेंमीचं उनवान म्हणजे नक्षीची शीर्षपट्टी, मग १ सेंमी मोकळं, मग २-२ सेंमीच्या सहा ओळी. प्रत्येक ओळीत एक बैत, दोन मिसरे म्हणजे चरण शेजारी शेजारी, मधे १ सेंमीची उभी पट्टी सोडलेली. कसीद्याची पहिली फसल म्हणजे प्रकरण १२ बैतांचं आहे, म्हणजे त्याचा बरोब्बर अर्धा भाग एका पानात बसतो.

## १. मजकूर पक्का करा, कागदाला हात लावू नका

मजकूर छापील, ज़ेर-ज़बर म्हणजे स्वरखुणा लावलेल्या अरबी प्रतीवरून घ्यायचा. दोन वेगळ्या प्रती समोर ठेवा आणि सहा बैत अक्षर न् अक्षर ताडून बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या इमेजवरून उतरवायचं नाही, कितीही सुंदर दिसली तरी.

आपल्याकडे होणारी खास चूक सांगतो. पुष्कळांना कसीदा पाठ असतो पण तो देवनागरीत किंवा रोमनमध्ये लिहून घेतलेला असतो, आणि मग त्यावरून परत अरबी करतात. पहिला बैतच बघा: "अमिन तज़क्कुरि जीरानिन बिज़ी सलमी, मज़ज्ता दम्अन् जरा मिम् मुक़्लतिन बिदमी." ज़ू-सलम या ठिकाणच्या शेजाऱ्यांची आठवण आली म्हणून का रे तू डोळ्यांतून वाहणाऱ्या आसवांत रक्त मिसळलंस, असा साधारण अर्थ. आता यात ज़ तीन वेळा आला. देवनागरीत तिन्ही सारखे, पण अरबीत 'तज़क्कुर' आणि 'ज़ी' मधला ज़ाल आहे आणि 'मज़ज्ता' मधला ज़े. ऐकून किंवा देवनागरीवरून लिहिलंत की इथेच घसरणार.

दुसरी चूक 'सलम'ची. सीन, लाम, मीम, संपलं. हात सवयीने लामनंतर अलिफ ओढतो आणि 'सलाम' होतं. मी स्वतः हे केलंय. सोनं लावून, घोटून, निळा रंग भरून झाल्यावर आमच्या मोहल्ल्यातल्या एका म्हाताऱ्या चाचांनी पान हातात घेतलं, ओठातल्या ओठात वाचायला लागले आणि पहिल्याच ओळीत थांबले. काही बोलले नाहीत, फक्त बोट ठेवलं. अर्थ गेला, वज़न म्हणजे छंद गेला, आणि काफिया म्हणजे यमक पण, कारण अख्ख्या कसीद्याचा शेवट 'मी'वर होतो आणि त्याच्या आधी लांब आ कुठेच येत नाही.

तिसरी गोष्ट, मोबाइलवर उर्दू कीबोर्ड असेल तर त्यातली 'काफ', 'ये' आणि 'हे' ही अक्षरं अरबीपेक्षा वेगळी असतात. उर्दूत टाइप करून प्रिंट काढलीत आणि त्यावरून गिरवलंत तर अरबी जाणणाऱ्याला पहिल्या नजरेत खटकतं.

"मौलाया सल्लि व सल्लिम" हे धृपदासारखं म्हणतात, ते बैतांच्या मोजणीत धरत नाहीत. ते हवं असेल तर वेगळ्या पट्टीत घ्या, सहा बैतांत घुसवू नका, नाहीतर ओळींचं गणित बिघडतं.

तपासा: सहाही बैत कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही तुमच्या कच्च्या कागदावर बोट ठेवून ऐका. प्रत्येक बैताच्या दुसऱ्या मिसऱ्याचं शेवटचं अक्षर बघा. बैत 'मी'वर संपत नसेल तर काहीतरी सुटलंय.

## २. कॅलेंडर बघा

हे कुणी सांगत नाही म्हणून इथे सांगतो. कागदाला आहार म्हणजे अंड्याचा लेप द्यायचा असतो, आणि लेप दिलेला कागद निदान दोन-तीन महिने नुसता पडून राहिला पाहिजे, जुने लोक वर्षभर ठेवायचे. रबीउल अव्वल म्हणजे ईद-ए-मिलादचा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि सध्या तो आपल्याकडे पावसाळ्यातच येतोय. म्हणजे जुलैमध्ये आठवण आली तर उशीर झालेला आहे. जुलैत कोकणात किंवा मुंबईत आहार दिलात तर कागद वाळतच नाही, चिकट राहतो आणि चौथ्या दिवशी वास मारतो. कागदाचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकून ठेवा. लिहायचं आणि सोन्याचं काम मार्च ते मे. पावसाळ्यात फक्त फ्रेम.

## ३. कागद: आधी रंग, मग खळ, मग अंडं

कागद शंभर टक्के कॉटनचा हातकागद घ्या, १०० ते १२० जीएसएमच्या आसपास. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचं नाव या कामात जुनं आहे, पुण्यातही हातकागद मिळतो. मात्र भेटकार्डांसाठी विकतात तो फुलांच्या पाकळ्या घातलेला, खरबरीत कागद नको. बोट फिरवून बघा, गाठी लागल्या तर बोरू अडकणार. एका पानासाठी सहा ताव तयार करा. मी एकच केला, असं म्हणणाऱ्याचं पान मी अजून पूर्ण झालेलं बघितलं नाही.

रंग सगळ्यात आधी. पांढऱ्याफेक कागदावर सोनं उठत नाही, डोळ्याला पण टोचतं. चहाचं गाळलेलं पाणी, डाळिंबाच्या सालीचं किंवा कांद्याच्या सालीचं पाणी, काहीही चालतं. पसरट ट्रेमध्ये ताव बुडवून काढा आणि सावलीत दोरीवर वाळवा. वाळल्यावर रंग फिका होतो, ते धरून चला.

मग खळ. कुरडईसाठी काढतो तेच गव्हाचं सत्त्व, एक छोटा चमचा, एक कप पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा. पेजेइतकं पातळ पाहिजे, पिठल्यासारखं झालं तर परत पाणी घाला. मऊ रुंद ब्रशने एक हात द्या आणि पूर्ण वाळू द्या.

मग अंडं. पाच अंड्यांचा फक्त पांढरा भाग, पिवळ्याचा एक थेंब सुद्धा नको, आतली ती दोऱ्यासारखी गाठ पण काढून टाका. त्यात सुपारीएवढा तुरटीचा खडा हातात धरून गोल गोल फिरवत राहा. आधी काहीच होत नाही असं वाटतं, मग पाण्यासारखा पांढरा भाग दुधाळ व्हायला लागतो आणि वर फेस धरतो. फेस आला की झाकून रात्रभर ठेवा, सकाळी खाली उतरलेलं पातळ पाणी मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळून घ्या. तेच तुमचं आहार. पहिला हात आडवा, वाळल्यावर दुसरा उभा. तुरटी जास्त घातली तर बरं, असा विचार करू नका, तुरटी आम्लधर्मी असते आणि वर्षानुवर्षांनी कागद ठिसूळ करते.

उलट क्रमाने करणारे भेटतात, म्हणजे आधी लेप आणि मग चहा. लेप चहात सुटतो आणि कागदावर नकाशे उठतात.

## ४. घोटाई: आठवड्याच्या आत

दुसरा हात वाळल्यापासून आठवड्याच्या आत घोटून टाका. त्यानंतर लेप कडक होतो आणि घोटताना बारीक तडे जातात, डोळ्याला दिसत नाहीत पण शाई बरोब्बर त्यातच शिरते.

गुळगुळीत सागवानी किंवा शिसवी पाट घ्या, त्यावर ताव ठेवा. कोरड्या साबणाच्या वडीवर लोकरीचा तुकडा घासून तो कागदावर हलक्या हाताने फिरवा, म्हणजे घोटा (घासून चकाकी आणायचा गुळगुळीत दगड) सरकतो. घोटा अकीकाचा, खंभातचा अकीक सहज मिळतो, नसेल तर जाड काचेची गुळगुळीत गोटीही चालेल. आधी एका दिशेने पूर्ण ताव, मग आडव्या दिशेने. सुरवातीला करकर आवाज येतो, तो हळूहळू थांबतो आणि घोटा पाण्यावरून गेल्यासारखा जायला लागतो. तिथे थांबा. मग सगळे ताव सपाट, दोन पुठ्ठ्यांत दाबून, कोरड्या कपाटात. अंडं आणि खळ म्हणजे कसरीला मेजवानी, म्हणून महिन्यातून एकदा उघडून बघत जा.

तपासा: ठेवायच्या आधी नाही, लिहायच्या आधी. तावाच्या कोपऱ्यात शाईचा ठिपका द्या, वाळू द्या, मग ओल्या इअरबडने पुसा. ठिपका निघाला आणि खाली फक्त पुसट सावली राहिली तर कागद तयार आहे. तंतूंमध्ये काळं उतरलं असेल तर लेप कमी पडला, तो ताव सरावाला.

## ५. शाई आणि बोरू

शाई काजळी आणि डिंकाची. स्टेशनरीच्या दुकानातली वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक घेऊ नका, ती बोरूच्या चिरेत वाळून बसते आणि चुकलेलं अक्षर पुसता येत नाही. या सगळ्या लेपाचा मुद्दाच हा की शाई वर बसते, आत जात नाही, म्हणून चूक दुरुस्त होते. वॉटरप्रूफ शाई वापरलीत तर अंडी फुकट गेली.

शाई बरोबर आहे का ते असं बघा: वाळलेल्या अक्षरावर कोरडं बोट फिरवल्यावर काळं लागलं तर डिंक कमी, अक्षर काचेसारखं चकाकतंय आणि कागद वाकवल्यावर पापुद्रा उठतोय तर डिंक जास्त. दौतीत कच्च्या रेशमाचा छोटा गोळा ठेवा, बोरू त्यावर टेकवून शाई घ्यायची. तो नसला की बोरू नाकापर्यंत बुडतो आणि पहिल्याच अक्षरावर थेंब पडतो. नवशिक्यांचे निम्मे डाग इथलेच.

बोरू या मापाला साधारण १ मिमी रुंद टोकाचा, आणि ज़ेर-ज़बरसाठी त्याहून बारीक दुसरा. देवनागरी सुलेखनासाठी कापलेला बोरू तसाच चालेल असं धरू नका, अरबीचा काप शिकवणाऱ्याकडून एकदा प्रत्यक्ष बघून घ्या, लेख वाचून हे येत नाही. लिपी नस्ख घ्या, अरबी ग्रंथांत नेहमी दिसणारं वळण ते. नस्तालीक सुंदर असते पण ती फारसी, उर्दू, दखनीची, सगळी ज़ेर-ज़बर लावलेलं अरबी त्यात कोंबलं की गिचमिड होते.

## ६. मिस्तर: पेन्सिल नको

ओळी पेन्सिलने आखायच्या नाहीत. खोडरबराने लेप उडतो आणि जी रेघ राहते ती सोन्याच्या खालून राखाडी दिसते.

जाड पुठ्ठ्याचा तुकडा घ्या, त्यावर चौकोन, सहा ओळी, मधली उभी पट्टी, उनवानची हद्द अचूक आखा, रेघांच्या टोकाला सुईने भोकं पाडा आणि जाड सुती दोरा ताणून ओवा, मागून गाठ आणि चिकटपट्टी. हा झाला मिस्तर. त्यावर ताव ठेवायचा आणि अंगठ्याला स्वच्छ मऊ कापड गुंडाळून दोऱ्यावरून दाबत जायचं. कागदावर नुसती घडी उठते, दिवा बाजूने धरला की स्पष्ट दिसते आणि समोरून बघितलं तर गायब. एकदा केलेला मिस्तर शंभर पानांना पुरतो.

हात कोरडे आणि धुतलेले पाहिजेत. बोटाचं तेल लागलं की त्या जागी शाई फाटते. लिहायच्या आधी खडूची अगदी बारीक पूड कापसाने फिरवून झटकून टाका.

## ७. कच्चा मसुदा: मिसरे कुठे बसतात ते बघा

साध्या कागदावर, त्याच मापात, त्याच बोरूने सहाही ओळी लिहून बघा. मिसरे सारख्या लांबीचे नसतात, वज़न सारखं असलं तरी अक्षरं कमीजास्त असतात. जो मिसरा आखूड पडतो त्यात एखादं अक्षर लांबवायचं, त्याला कशिदा म्हणतात. पण हे कुठेही करता येत नाही. अलिफ, दाल, रे, वाव ही पुढच्या अक्षराला जुळत नाहीत, तिथे ओढायला काही नसतंच. एका मिसऱ्यात एक कशिदा पुरे, आणि लागोपाठच्या ओळींत एकाखाली एक नको, पायऱ्या दिसतात.

आता मराठी माणसाची हमखास चूक. पहिला मिसरा उजवीकडे यायला हवा, दुसरा डावीकडे, आणि आपण ते उलटं करतो. हसू नका, डिझाइनचं शिकलेल्या मुलीने कॉम्प्युटरवर ले-आउट केला, दोन कॉलम टाकले, पहिला मिसरा डाव्या कॉलममध्ये पेस्ट केला आणि पान पूर्ण होईपर्यंत कुणाच्याच लक्षात आलं नाही. सहाच्या सहा बैत उलटे.

मधल्या पट्टीत प्रत्येक ओळीला ६-७ मिमीचं गोल फूल येणार आहे, त्याची जागा आत्ताच सोडा. कुठल्या अक्षराची शेपटी तिथे घुसत असेल तर मसुद्यातच आवरा.

मराठी अर्थ ओळींच्या मधे लिहायचा का, असं बरेच जण विचारतात. दख्खनच्या जुन्या हस्तलिखितांत अरबी ओळीखाली बारीक फारसी अर्थ दिसतो, तेव्हा परंपरेत बसतं. पण देवनागरीची शिरोरेघ आणि नस्खची ज़ेर एकमेकांच्या अंगावर येतात, मला तरी ते कधी जमलेलं दिसलं नाही. अर्थ वेगळ्या चिठ्ठीवर लिहून फ्रेमच्या मागे लावा.

## ८. लिहिणं

सकाळी लिहा, पंखा बंद ठेवून. पंख्याने बोरूवरची शाई वाळते. लिहिणाऱ्या हाताखाली स्वच्छ कागदाचा तुकडा कायम पाहिजे.

क्रम असा: आधी एका ओळीतली सगळी अक्षरं, मग नुक्ते म्हणजे अक्षरांचे ठिपके, मग ओळ वाळल्यावर बारीक बोरूने ज़ेर, ज़बर, पेश, शद्द, तनवीन या खुणा. अक्षर लिहिता लिहिता ज़बर देत गेलात तर वरच्या खुणा एका सरळीत येत नाहीत आणि ओल्या शाईवर हात फिरतो. उनवानमध्ये बिस्मिल्लाह किंवा कसीद्याचं पूर्ण नाव येतं, ते पण आत्ताच शाईने लिहून टाका, सोनं त्याच्या भोवतीने येईल.

चुकलं तर घाबरू नका आणि ब्लेड तर अजिबात नको. ओलसर इअरबड, पाणी टपकणारा नाही, एकाच दिशेने उचलत काढा, वाळू द्या, तेवढ्याच जागेवर घोटा फिरवा आणि परत लिहा. एका जागी दोनदा जमतं. तिसऱ्यांदा कागद उघडा पडतो.

एका दिवशी दोन-तीन ओळींच्या वर जाऊ नका. सहाव्या ओळीतलं अक्षर पहिलीपेक्षा बारीक झालेलं असतं ते यामुळेच, हात थकलेला तुम्हाला कळत नाही पण पानावर दिसतं.

थांबा: इथे पूर्ण थांबायचं. पान दोन दिवस ठेवा. मग अरबी वाचता येणाऱ्या दोघांना बसवा, एकाच्या हातात छापील प्रत, दुसऱ्याच्या समोर तुमचं पान, आणि मोठ्याने वाचून घ्या. नुक्ते मोजून घ्या. 'अमिन'च्या सुरवातीच्या अलिफवरचा हमज़ा आहे का बघा, तो प्रश्नाचा आहे, तो गेला की 'का रे' गेलं. सोनं लागलं की शाईला पाणी लावता येत नाही, त्यामुळे दुरुस्तीची ही शेवटची संधी. माझ्याकडे येणारी अर्धी पानं इथे थांबली असती तर वाचली असती.

## ९. सोनं

मिठाईवरचा वर्ख चांदीचा असतो, तो काळा पडतो. बाजारात 'गोल्डन लीफ' म्हणून जे स्वस्त मिळतं ते पितळी, ते हिरवट होतं, आणि सोनेरी पावडरचंही तेच. शुद्ध सोन्याचा वर्खच घ्या, २२ ते २४ कॅरेट. महाग आहे, पण या मापाचं पान माझं आठ-दहा वर्खांत होतं.

चिनी मातीच्या पसरट बशीत मधासारखा दाट अरबी डिंक थोडासा घ्या, त्यात एक वर्ख ठेवा आणि बोटाने गोल घोटा. तो दिसेनासा झाला की दुसरा. सगळे झाल्यावर पण घोटत राहा, दोन-तीन तास. वाळायला लागलं तर पाण्याचा एक थेंब, जास्त नको. हे कंटाळवाणं आहे आणि याला शॉर्टकट नाही, अर्धवट घोटलेलं सोनं ब्रशला कचकचीत लागतं. मग कोमट पाणी ओता, बोट पण त्यातच धुवा, झाकून रात्रभर ठेवा. सोनं तळाला बसतं, वरचं पाणी अलगद ओतून टाका. पाणी स्वच्छ निघेपर्यंत दोन-तीनदा करा. तळाशी जो तपकिरी, मातकट गाळ राहतो ना, तेच सोनं. तो रंग बघून एकाने फेकून दिलं होतं.

लावताना त्यात जिलेटिनचं पातळ पाणी काही थेंब. जिलेटिन कशाचं आहे ते बघा, हलालचा प्रश्न इथे रास्त आहे आणि भेट म्हणून देणार असाल तर समोरचा विचारतोच. माशांचं मिळतं, नाहीतर पातळ डिंक वापरा.

आधी जदवल म्हणजे चौकोनाची सोन्याची पट्टी, ३ मिमीची. ती ब्रशने ओढू नका. जुन्या इंजिनिअरिंगच्या कंपासपेटीत रूलिंग पेन असतं, चिमट्यासारखी दोन पाती आणि मधे स्क्रू, त्यात ब्रशने सोनं भरा आणि कडा उचललेल्या पट्टीच्या आधाराने ओढा. मग मधली फुलं, मग उनवान.

उनवानची नक्षी थेट पानावर काढायची नाही. ट्रेसिंग पेपर उभा दुमडा, अर्धीच नक्षी काढा, दोन्ही थरांतून सुईने बारीक टोचत जा, उघडलं की दोन्ही बाजू आपोआप सारख्या. तो खाका पानावर ठेवून कोळशाच्या पुडीची मलमलची पुरचुंडी हलके आपटा. नक्षी वेलबुट्टीची आणि भौमितिक ठेवा, माणसं-पाखरं नकोत. शाईने लिहिलेल्या अक्षरांच्या भोवती ढगासारखी नागमोडी कड सोडून बाहेर सोनं भरा, अक्षराला सोनं टेकू देऊ नका.

ब्रश जेमतेम ओला. पाणी जास्त झालं तर खालचं अंडं सुटतं आणि सोनं तरंगतं.

तपासा: आधी रद्दी तावावर पट्टी ओढून वाळवा आणि अकीक फिरवा. घोट्याला सोनं लागलं तर चिकटवण कमी, चमकच येत नसेल तर जास्त. पानावर तासाभराने घोटा, पातळ कागद मधे धरून घोटलंत तर मंद झळाळी येते, थेट घोटलंत तर आरशासारखी. मी जदवल मंद आणि फुलं झळाळती ठेवतो.

## १०. रेघ आणि रंग

सोनं घोटून झाल्यावरच काळी रेघ. रेघ आधी आणि घोटाई नंतर केलीत तर काळं सोन्यावर फरपटतं. जदवलच्या दोन्ही कडांना केसासारखी बारीक रेघ रूलिंग पेनने, नक्षीला सर्वात बारीक ब्रशने.

मग रंग. जुन्या नुस्ख्यांत लाजवर्द (निळा), हिंगूळ (लाल), हरताळ (पिवळा), जंगाल (हिरवा), सफेदा (पांढरा) असतो. लाजवर्द परवडत असेल तर जरूर. हिंगुळात पारा आहे, हरताळात आर्सेनिक, सफेद्यात शिसं, आणि जंगाल तांब्याचा असतो तो कागदच खातो. घरात मुलं असताना या भानगडीत पडू नका, चांगल्या प्रतीचे गुआश म्हणजे अपारदर्शक जलरंग घ्या. निळा भरताना सोन्याच्या कडेपासून सुरवात करून आत या, आणि एका कप्प्यात एकदाच, परत परत ब्रश फिरवला की पट्टे दिसतात. निळा पूर्ण वाळल्यावर त्यावर पांढरे ठिपके, थोडा लाल. आणि सगळ्यात शेवटी उनवानच्या वर बाहेर जाणारी ती बारीक निळी टोकं, तीग म्हणतात त्यांना. तिथे हात सर्वात जास्त मोकळा लागतो, म्हणून शेवटी.

## ११. फ्रेम

लॅमिनेशन नाही. हे वेगळ्या ओळीत लिहितोय कारण दोन महिन्यांचं काम मी दुकानाच्या मशीनमधून सुरकुतून बाहेर येताना बघितलंय.

अ‍ॅसिड-फ्री माउंट बोर्डची खिडकी कापून घ्या, म्हणजे काच पानाला टेकत नाही. टेकली तर पावसाळ्यात अंड्याचा लेप काचेला धरतो, आणि काढताना सोनं काचेवर राहतं. पान मागे पूर्ण चिकटवू नका, फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी पातळ कागदाच्या बिजागऱ्या, खळीने. भिंत बाहेरच्या बाजूची, ओल येणारी नको, आणि समोर ऊन नको.

## १२. बिघडलेल्या तावांचं काय

सहातले तीन-चार बिघडणारच. त्यावर बुर्दा शरीफचे बैत आहेत, उनवानमध्ये बिस्मिल्लाह असेल, ते कचऱ्याच्या डब्यात जात नाहीत. ट्रेमध्ये स्वच्छ पाणी घ्या, ताव बुडवा, शाई काजळीची असल्यामुळे लेपासकट सुटून येते, ब्रश फिरवला की अक्षरं उरत नाहीत. ते काळं पाणी आमच्याकडे मोगऱ्याच्या कुंडीत जातं. ताव दोरीवर वाळवा आणि कपाटात ठेवा, नोव्हेंबरात परत चहात बुडवायचे.